थेंब सुरू झाल्यावर

८ जानेवारी

वन्संबाई,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटलं असेल की पत्ता कुणा पहिलीतल्या पोराने घातलाय. मीच घातलाय. हात थरथरतो आणि पेन आपल्या मर्जीने चालतं. तरी लिहितेय, कारण परवा फोनवर आपलं जे झालं ते पुन्हा नको. तुझा भाऊ म्हणतो, तुम्हा दोघींच्या हातात फोन म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. एरवी मी त्याचं ऐकत नाही, पण डॉक्टरीणबाईंनीही बजावलंय की चिडायचं नाही. कागदावर निदान एकीचं संपेपर्यंत दुसरीला गप्प बसावं लागतं.

त्या दिवशी तू विचारलंस, "गोळ्या वेळेवर घेतेस ना?" आणि माझं टाळकं सरकलं. घेत होते गं. गळ्यातली ग्रंथी भलत्या जोरात चालतेय, तिला लगाम घालायच्या त्या गोळ्या. बहुतेकांचं त्यांच्यावर भागतं. मला दोन महिन्यांत ताप भरला, घसा आतून सोलून निघाला. रक्त तपासलं तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळपास संपलेल्या. आठवडाभर दवाखान्यात एकटीला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, हे मी तुला सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही गोळी बंद, हिच्या जातीची दुसरीही बंद, जन्मात पुन्हा घ्यायची नाही. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत.

आता उरलं ऑपरेशन. किरणांचं औषध पाजून ग्रंथी जाळतात, तोही मार्ग असतो. पण माझे डोळे आधीच बाहेर आलेत, ते त्याने आणखी बिघडतील, आणि गाठ श्वासनळीला रेटतेय. तेव्हा ग्रंथी काढायचीच. मेख अशी की ती उधळलेली असताना भूल दिली आणि सुरी लावली, तर ताप, ठोके सगळं हाताबाहेर जाऊन माणूस टेबलावरच जाऊ शकतो. शांत केल्याशिवाय कापता येत नाही, आणि शांत करणारं औषध मला चालत नाही. इकडे आड तिकडे विहीर.

डॉक्टरीणबाई म्हणतात, आडवाटेने जाऊ. ठोके कमी करायच्या गोळ्या, एक स्टिरॉइड, एक पावडर आणि शेवटी आयोडीनचे थेंब. मी म्हटलं, चला.

क्रेनवरून मला उतरवलंय हे तुला माहीत आहे. माझ्या जागी एक नवखा चढतो. काल कुंपणाबाहेर उभी राहून बघितलं. सळ्यांचा भारा असा हेलकावत नेत होता की खालच्या लोकांनी आपापल्या देवांची नावं घेतली असतील. ती केबिन माझी आहे. ती मला परत हवी, एवढंच डोक्यात ठेवलंय.

दोन माणसांचं जेवते आणि वाळत चाललेय. केस तर विचारूच नकोस, कंगवा फिरवला की मूठभर येतात. तुझ्या धंद्याला गिऱ्हाईक तयार होतंय.

तुझी चिडकी
वहिनी

१५ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, एकदा मजकुरासाठी आणि एकदा अक्षरासाठी. 'केबिन'मधला 'क' मला आधी कोळी वाटला.

दवाखान्याचं लपवलंस ते मला लागलं. मी काय परकी आहे? पण भांडण फोनवरचं फोनवर सोडलंय, इथे काढणार नाही. तू आडवाटेने चाललीस तर मी वाटेच्या कडेला बसून ओरडत राहीन, तेवढं चालवून घे. उंटावरून शेळ्या हाकायला मला आवडतं हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

केसांचं मात्र माझ्यावर सोड. तू विनोदाने लिहिलंस, पण मूठभर केस हातात येतात तेव्हा बायकांचे चेहरे कसे होतात ते मी रोज बघते. दुकानात येतात, टोप डोक्यावर घालून आरशात बघतात आणि मग माझ्याकडे न बघता किंमत विचारतात. जाळीवर आकडीने एकेक केस गाठवत बसते तेव्हा मला नेहमी वाटतं की हे काम करायची वेळ कुणाच्या घरच्यावर येऊ नये. तुझा टोप मी करणार नाही. तुझे केस डोक्यावरच राहायला हवेत.

सोबत एक डबी पाठवतेय. केसांच्या गोळ्या. माझ्या अर्ध्या गिऱ्हाइकांना मीच देते. जोरदार आहेत, सकाळी दोन घ्यायच्या. नुसतं जीवनसत्त्व आहे, औषध नव्हे, तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या डोक्याला ताप नको. त्यांना तुझ्या गळ्याचं पडलंय, केसांचं नाही. आणि दादाला दाखवू नकोस. तो चष्मा लावून डबीवरचं बारीक अक्षर वाचत बसेल आणि शेवटी तू त्या घेणारच नाहीस. आपल्या दोघींतच ठेव.

मी तिकडे यायला निघू का, ते सांग.

तुझी
वन्संबाई (ही पदवी तूच दिलीस, आता भोग)

३ फेब्रुवारी

वन्संबाई,

यायचं नाही. तू आलीस की पहिल्या दिवशी लाड, दुसऱ्या दिवशी सल्ले आणि तिसऱ्या दिवशी रणधुमाळी. माझे ठोके आत्ता कुठे ताळ्यावर येतायत. ऑपरेशन झालं की ये आणि हवं तेवढं भांड.

डबी मिळाली. घेतेय रोज. खरंच केस कमी गळतात, की मलाच तसं वाटतंय, कोण जाणे. स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे ठेवलीय, तिथे तुझा भाऊ कधी बघत नाही.

बाकीच्या औषधांवर मात्र त्याचा खडा पहारा आहे. त्यातली ती पावडर म्हणजे ओली वाळू. आतड्यात उतरलेला ग्रंथीचा रस ती धरून ठेवते आणि बाहेर नेते. पण ती दुसऱ्या गोळ्यांनाही धरते, म्हणून त्यांच्यात आणि तिच्यात काही तासांचं अंतर ठेवावं लागतं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, त्याने या सगळ्याची जोडणी अशी केलीय की एकीचं दार उघडं असताना दुसरी हलत नाही. दोन वेळा चुकून एकत्र घ्यायला निघाले होते, तर हातातला पेला काढून घेतला. राग आला आणि बरंही वाटलं.

काल आयोडीनचे थेंब सुरू झाले. तपकिरी असतात, रसात टाकून घ्यायचे. आता नीट वाच, कारण इथून पुढे सगळं यावर आहे. हे थेंब ग्रंथीला गप्प करतात, पण जेमतेम दीड-दोन आठवडे. त्यानंतर तीच ग्रंथी त्याच आयोडीनवर पोसून दुप्पट जोराने उठू शकते. म्हणून थेंब सुरू झाले की माघार नाही. ऑपरेशन बाराला ठरलंय. आठला रक्त तपासणार, आकडे उतरलेले दिसले की भूल देणारे डॉक्टर हो म्हणणार.

मला भीती वाटते का, असं तू विचारणार. वाटते. क्रेनच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर पहिल्यांदा चढले होते तेव्हाही वाटली होती. तेव्हा मी खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि शिडीच्या पुढच्या पायरीकडे बघत गेले. आताही तेच करतेय.

तुझी
वहिनी

८ फेब्रुवारी

वन्संबाई,

आकडे उतरले नाहीत.

उतरले नाहीत म्हणजे किंचितही नाहीत, उलट पहिल्यापेक्षा जास्त आलेत. भूल देणारे डॉक्टर कागद बघून म्हणाले, मी हिला झोपवणार नाही. भला माणूस आहे, डोळ्याला डोळा भिडवून बोलला. म्हणाला, "बाई, मी तुम्हाला झोपवीन, पण उठवीन याची मला खात्री पाहिजे." बाराची तारीख रद्द.

माझं म्हणणं कुणी ऐकेना. मी सांगितलं, मला बरं वाटतंय, छातीत धडधड नाही, घाम नाही, जिने चढून आले तरी दम लागला नाही. डॉक्टरीणबाईंनी हात पुढे करायला लावले, बोटांवर कागद ठेवून बघितला, कागद फारसा हलला नाही. त्या पण चक्रावल्या. म्हणाल्या, ठोक्यांच्या गोळ्यांनी वरवर शांत दिसत असेल, आत आग असेल. मग कुठली कुठली औषधं चालू आहेत ते पुन्हा विचारलं. मी सगळी सांगितली. तुझ्या भावाने तर पाकिटंच पुढे मांडली.

आता त्या रक्तातलं पाणी बदलण्याचं बोलतायत. रक्त नळीने बाहेर काढायचं, त्यातला पिवळा द्रव, ज्यात ग्रंथीचा रस मिसळलेला असतो, तो यंत्राने काढून टाकायचा, दुसऱ्यांनी दिलेला भरायचा आणि रक्त परत सोडायचं. पण एवढे आकडे असतील तर तेही पुरेल की नाही, सांगता येत नाही म्हणाल्या. थेंबांची मुदत चाललीय.

घरी आल्यावर तुझा भाऊ बाल्कनीत जाऊन उभा राहिला, पाठ करून. मी त्याला हाक मारली नाही. मला रडायचं नव्हतं, आणि तो वळला असता तर दोघंही रडलो असतो. काहीही होवो, मी त्या टेबलावर जाणार आहे. ही गाठ घेऊन मी म्हातारी होणार नाही.

वहिनी

१० फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र पोचेपर्यंत तुला सगळं कळलेलं असेल, कारण आत्ताच दादाला फोन करून सांगितलंय. तू झोपली होतीस, उठवू नको म्हटलं. तरी लिहितेय. फोनवर त्याला कामापुरतं सांगितलं, तुला माझ्या तोंडून सगळं कळायला हवं.

तुझं पत्र आलं तेव्हा दुकानात एक जुनं गिऱ्हाईक बसलं होतं. माझा चेहरा बघून तिने विचारलं, मी सांगितलं. ग्रंथीचे आकडे म्हटल्यावर ती म्हणाली, "अगं, तू देतेस त्या केसांच्या गोळ्या, त्या मला रक्त द्यायच्या आधी बंद ठेवायला लावतात. नाहीतर काही तपासण्या चुकीच्या येतात, ग्रंथीची तर हमखास."

माझ्या हातातली आकडी खाली पडली. तुझी तिन्ही पत्रं काढून कामाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. पहिल्यात अक्षर कसं नाचतंय, आणि या शेवटच्यात ओळ सरळ आहे. एवढी वाईट बातमी लिहितानाही सरळ आहे. हात सांगतोय उतार पडलाय, कागद सांगतो चढलाय. हे मला आधी दिसायला हवं होतं. मी अक्षराची टिंगल करण्यात दंग होते.

तुला डॉक्टरीणबाईंनी औषधं विचारली आणि तू औषधं सांगितलीस. गोळ्या सांगितल्या नाहीस, कारण मीच म्हटलं होतं की ते औषध नव्हे. दादापासून लपवायलाही मीच सांगितलं. त्याने वाचलं असतं डबीवरचं, त्यानेच वाचलं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त अवलक्षण तुझ्या वाट्याला आलं.

मला क्षमा कर असं लिहीत नाही. आधी बरी हो, मग क्षमेचं बघू. तुला काही झालं तर मी या जन्मात कुणाच्या डोक्याला हात लावू शकणार नाही.

तुझी

१३ फेब्रुवारी

वन्संबाई,

दवाखान्याच्या खाटेवरून लिहितेय. पाटी गुडघ्यावर आहे.

राग आला का? आला. तुझ्या भावाने चहाच्या डब्यामागून डबी काढून माझ्यापुढे ठेवली, तेव्हा तुझा गळा दाबावासा वाटला. मग आठवलं की डबी तिथे मी ठेवली होती. चाळिशी ओलांडलेली बाई, नवऱ्यापासून केसांच्या गोळ्या लपवते. तेव्हा निम्मा राग तुझ्यावर, निम्मा माझ्यावर. आता दोन्ही संपलेत. तू प्रेमाने पाठवल्यास आणि मी केसांच्या लोभाने खाल्ल्या. या विषयावर पुन्हा पत्रात एक ओळ लिहिलीस तर न वाचता फाडीन.

आता पुढचं. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, मी औषधं विचारली, तुम्ही तोंडात काय काय टाकता ते विचारायला हवं होतं. गोळ्या लगेच बंद केल्या, त्यांचा अंमल उतरू दिला आणि काल पुन्हा रक्त घेतलं. आकडे खरे आले. उतार आहे, चांगला निम्म्याच्या खाली. मी हसले, तर त्या हसल्या नाहीत. एवढा उतार भूल देणाऱ्यांना पुरत नाही. आणि थेंबांचे बरेचसे दिवस त्या खोट्या आकड्यांनी खाल्ले.

मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि मलाच विचारलं. एक वाट अशी, की थांबायचं, थेंब बंद करायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी नव्याने सुरुवात. त्यात ग्रंथी उसळली तर लगाम घालायला हातात काही नाही. दुसरी वाट, रक्तातलं पाणी बदलायचं आणि आकडे खाली असतानाच, त्या दोन दिवसांच्या फटीत, ऑपरेशन. ग्रंथी जागेवरच असते, ती पुन्हा रस सोडतेच, म्हणून फट चुकवायची नाही. याची जोखीम आहे, त्याचीही आहे. शिवाय गाठीला चिकटून आवाजाची नस जाते, ती दुखावू शकते.

तुझ्या भावाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दुसरी." त्याने विचारलं, "विचार करून सांगतेस ना?" म्हटलं, वर्षभर विचारच करतेय, माझं डोकं दुसरं काही करतच नाही.

आज पहिली खेप झाली. जांघेत नळी घातली, गळ्याकडे जागाच नव्हती. शेजारी यंत्र घरघरत होतं आणि एका पिशवीत माझं पिवळं पाणी भरत होतं. इतकं साधं दिसतं गं. एवढ्याशा पाण्याने मला वर्षभर नाचवलं. दुसऱ्या पिशवीतून कुणाकुणाचं दिलेलं माझ्यात जात होतं. कोण असतील ती माणसं, कुठे बसली असतील बाही वर करून. त्यांना काही कळणारही नाही.

मध्येच अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजला. यंत्र थांबवून सुई दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबू या का? मी म्हटलं, यंत्र थांबलंय, मी नाही. गांधी बसल्या तशी हळूहळू पुन्हा सुरू केली. उद्या दुसरी खेप. परवा सकाळी, आकडे बरे असले तर, टेबल.

आवाज गेला तर गेला. क्रेनच्या केबिनमध्ये हो आणि नाही एवढंच लागतं, ते खुणेनेही सांगता येतं. जीव गेला तर मात्र मला फार राग येईल. मला अजून खूप काही उचलायचंय.

तुझ्या भावाकडे लक्ष ठेव. म्हणजे काही झालं तर. एरवी माझं लक्ष आहेच.

वहिनी

१४ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं कालचं पत्र दादाने रात्रीच फोनवर वाचून दाखवलं. हे माणसाच्या हाती पाठवतेय, आज रात्रीपर्यंत तुला मिळेल म्हणतो.

तू ये म्हणाली नाहीस म्हणून मी आले नाही. दोनदा पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली. इथून मला करता येण्याजोगं एकच काम सापडलं. सकाळी दुकान बंद ठेवलं आणि इथल्या रक्तपेढीत गेले. ती मुलगी म्हणाली, तुमचं तुमच्या पेशंटला पोचणार नाही, कुणालाही जाईल. म्हटलं, जाऊ दे कुणालाही. तिथे माझ्यासारखी आणखी चौघं बाही वर करून बसली होती. एकजण वर्तमानपत्र वाचत होता, एक घोरत होता. तू विचारलं होतंस ना कोण असतात. असे असतात.

मी घाबरलेय, हे सरळ सांगते. पण तू टेबलावर जाणार म्हटलीस, तर जा. मी अडवणार नाही आणि देवापुढे रडतही बसणार नाही. तू दुसरी वाट धरलीस, तीच बरोबर आहे असं मी आजपासून मानते, उद्या काहीही झालं तरी. तुझ्यामागे कुणाला मी दुसरं म्हणू देणार नाही.

दादाची काळजी तू करू नकोस. तो माझा भाऊ आधीपासून आहे.

तुझी

१५ फेब्रुवारी

धाकटे,

फोनवर तुला "झालं, बरी आहे" एवढंच सांगता आलं. पुढचं लिहितोय. तुम्ही दोघी लिहिता, मला सवय नाही. चुकलंमाकलं समजून घे.

सकाळी आकडे आले. भूलवाले डॉक्टर कागद घेऊन स्वतः खोलीत आले आणि तिला म्हणाले, "आज उठवीन." ती म्हणाली, "मग चला, उगाच वेळ कशाला." स्ट्रेचरवर मला हात धरू दिला, दारापर्यंत.

आत फार वेळ लागला. मध्ये एकदा परिचारिका धावत बाहेर आली आणि औषध घेऊन आत गेली. ठोके वाढले होते, असं नंतर कळलं. औषधाने आवरले. मी तिथल्या लिफ्टपाशी उभा होतो. दार बंद होताना तिचा पट्टा घासत होता, तेवढंच ऐकत राहिलो. दुसरं काही ऐकायची हिंमत नव्हती.

ग्रंथी पूर्ण काढली. तिचं काम करणारी एक गोळी आता रोज, जन्मभर घ्यायची. कॅल्शियमवर काही दिवस लक्ष ठेवणार. आवाज घोगरा आहे, पण आहे. नस शाबूत आहे म्हणतात. शुद्धीवर आल्यावर तिने पहिला प्रश्न केला, "किती वजन भरलं?" सर्जनना आधी कळेना. मग त्यांनी गाठीचं वजन सांगितलं तर म्हणाली, "एवढंसंच?"

धाकटे, वर्षभर मी रोज तिच्याशेजारी पडून तिच्या गळ्यावर उडणारी ती शीर बघायचो. ती झोपलेली असली तरी शीर पळतच असायची. तिला कधी सांगितलं नाही. मी ठोके मोजतो हे कळलं असतं तर तिने उशी फेकून मारली असती.

आता ती झोपलीय. गळ्याला पट्टी आहे. पट्टीच्या वरचा थोडा भाग दिसतो, तिथे मी मघापासून बघतोय. काही हलत नाही. आधी घाबरलो, वाकून नाकापाशी हात धरला. श्वास येतोय, सावकाश येतोय. तिला इतकं सावकाश झोपलेलं मी विसरूनच गेलो होतो.

परिचारिका दोनदा सांगून गेली की घरी जा, आता काळजी नाही. मी म्हटलं, काळजी नाही म्हणूनच बसलोय.